डोंगर बघत थांबणारा माणूस

सायकल जागची हलत नव्हती आणि स्टेनथोरला तिचा राग येत होता. एकसष्टाव्या वर्षी उघड्या अंगाने, छातीला वायरी चिकटवून, भिंतीकडे तोंड करून पायडल मारत सुटायचं आणि पोचायचं कुठेच नाही. त्यात छातीवरचे केस भादरलेले. मेंढ्यांची लोकर कातरण्यात त्याची हयात गेली होती; एक दिवस आपल्यावरही कोणी वस्तरा चालवील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"अजून थोडा जोर वाढवते," आर्नदीस म्हणाली. अकुरेरीच्या इस्पितळातली ही हृदयाची डॉक्टर वयाने त्याच्या लेकीएवढी होती, पण या देशात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात. "छातीत काही वाटतंय?"

"नाही."

वाटत होतं. छातीच्या मधोमध कोणीतरी खोगिराचा पट्टा आवळत होतं, एकेक भोक पुढे सरकवत. खोगीर चढवताना चलाख घोडा पोट फुगवून धरतो, म्हणजे पट्टा सैल राहतो. स्टेनथोरनेही तसाच श्वास फुगवून धरला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. कॅलेंडरवर सप्टेंबर होता. येत्या शनिवारकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्याची नजर तिथेच जात होती.

"पुरे. थांब."

"मी अजून मारू शकतो."

"तू मारशील रे. मला नको आहे."

अंगात सदरा घालून तो खुर्चीत बसला तेव्हा आर्नदीसने पडदा त्याच्याकडे वळवला. तिने हिरव्या रेषांवर बोट ठेवलं.

"हे तू बसलेला असतानाचं. आणि हे जोर वाढल्यावरचं. इथे रेषा खाली बसल्यात बघ. हृदयाच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडत असलं की असं दिसतं. कधीकधी काही नसतानाही दिसतं. ही तपासणी म्हणजे काही देवाचा शब्द नाही."

"म्हणजे मशीन थापा मारतं."

"मारतं कधीकधी. म्हणून मी मशीनपेक्षा माणसाला जास्त विचारते." तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "चढावर छाती आवळते? दम लागून थांबावं लागतं?"

स्टेनथोरने कान खाजवला.

"नीट ऐक," ती म्हणाली. "तू 'हो' म्हणालास तर मी आजच रेक्याविकच्या मोठ्या इस्पितळाला फोन करते. तिथे मनगटातून बारीक नळी सरकवून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघतात, आणि कुठे तुंबलेलं असलं तर तिथल्या तिथे मोकळं करतात. 'नाही' म्हणालास तर एवढी घाई नाही. गोळ्या देते, ऑक्टोबरमध्ये स्कॅनसाठी नंबर लावते. पुढे कुठली तपासणी आणि किती लवकर, हे आता तुझ्या उत्तरावर आहे."

प्रश्न सोपा होता. उत्तरही सोपं होतं. पण शनिवार होता ना! उन्हाळाभर वरच्या पठारावर मोकाट चरणारी दरीतली मेंढरं बर्फ पडायच्या आत खाली आणायची असतात. दरीतून घरटी एक-दोन माणसांनी घोड्यावर, पायी, रांग धरून पठार विंचरत खाली यायचं, आणि त्या रांगेचा जो म्होरक्या त्याला डोंगराचा राजा म्हणायचं. ते तीन दिवस राजाचा शब्द म्हणजे शब्द. पाद्रीबाईसुद्धा त्याने सांगितलेल्या जागी उभी राहते. स्टेनथोर वीस वर्षं राजा होता. त्याच्या आधी त्याचा बाप बेर्गुर होता. राजा ऑक्टोबरपर्यंत थांबू शकतो, मेंढरं थांबत नाहीत.

"नाही," स्टेनथोर म्हणाला. "थांबावं लागत नाही."

आर्नदीस त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने लिहून घेतलं.

"बरं. पण स्कॅन होईपर्यंत डोंगर नाही."

"डोंगर घोडा चढतो. मी नुसता वर बसतो."

ती हसली नाही. "माझे आजोबा मेंढ्याच पाळायचे. नुसतं बसणारा राजा मी अजून पाहिला नाही," एवढं म्हणून तिने त्याच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी आणि जिभेखाली मारायच्या फवाऱ्याची डबी ठेवली.

बाहेर इंगवेल्दुर विणत बसली होती. नवरा बाहेर आलेला दिसताच तिच्या सुया थांबल्या.

"काय म्हणाली?"

"ऑक्टोबरमध्ये एक फोटो काढायचाय. मशीनच फार शहाणं नाही म्हणाली."

"आणि डोंगर?"

"सांभाळून जा म्हणाली," स्टेनथोरने ठोकून दिलं. त्या दिवसातलं हे दुसरं खोटं, आणि ते पहिल्याहून सोपं गेलं.

इंगवेल्दुरने लोकर पिशवीत कोंबली. पार्किंगपर्यंतची वाट थोडी चढाची होती. निम्म्या वाटेत स्टेनथोर थांबला, खिशात हात घातले आणि खाली पसरलेल्या खाडीकडे बघू लागला.

"काय पाणी दिसतंय बघ," तो म्हणाला.

इंगवेल्दुरने पाण्याकडे बघितलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

हे मे महिन्यापासून चाललं होतं. त्याआधी या माणसाने जन्मात कधी दृश्य बघितलं नव्हतं. डोंगर हा त्याच्या लेखी मेंढ्या लपतात ती जागा, आणि नदी म्हणजे घोडा घसरतो ती जागा. सुट्टीत येणारे परदेशी पाहुणे त्याच्या कुंपणाशी गाड्या थांबवून फोटो काढायचे तेव्हा हा कपाळाला हात लावायचा. आणि आता हाच गडी टेकाडावरच्या कुंपणाची तार ताणायला गेला की चार खांबांमागे एकदा कमरेवर हात ठेवून उभा राही आणि ढगांचं कौतुक करी. पहिल्यांदा इंगवेल्दुरला बरं वाटलं होतं. म्हातारपणी का होईना, नवऱ्याला डोळे फुटले. मग तिच्या लक्षात आलं की सपाटीवर त्याला कुठलंच दृश्य आवडत नाही.

गुरुवारी कुंपणाचं शेवटचं काम काढलं तेव्हा ती मुद्दाम बरोबर गेली. तिने हातोडी धरली, त्याने तार. दुसऱ्या खांबाशी तो थांबला.

"धुकं कसं उतरतंय बघ," तो म्हणाला.

"स्टेनथोर, मला वेडी समजतोस का?"

"आता धुक्याचंही नाव काढायचं नाही का?"

"त्या पोरीला सांगितलंस का हे? की तू दर वीस पावलांना कवी होतोस म्हणून?"

त्याने तार सोडली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, म्हणजे राग आला होता किंवा पकडला गेला होता, बहुतेक दोन्ही.

"काय सांगायचं होतं? तिने 'हो' ऐकलं असतं की उचलून न्यायची मला रेक्याविकला. टेबलावर आडवा घालायची. एकदा त्या टेबलावर झोपलेला माणूस परत येतो तो पेशंट होऊन येतो. मग बायको डबीतून गोळ्या काढून देते, शेजारी गवताच्या पेंढ्या टाकून जातात, आणि डोंगराचा राजा खिडकीतून बघत बसतो. बघितलेत मी असले." तो जरा थांबला, श्वासासाठी. "बाबांसारखं झालं तर मला चालेल."

त्याचा बाप बेर्गुर मेंढरं खाली आणल्यावर, मेंढवाड्याच्या दगडी भिंतीला टेकून कॉफीचा कप हातात धरून गेला होता. दरीत अजून लोक त्या मरणाची तारीफ करत. काय नशीब, म्हणत. कप सांडलासुद्धा नाही.

"तुझ्या बाबांचं छान झालं," इंगवेल्दुर म्हणाली. "तुझ्या आईने त्यानंतर अठरा वर्षं एकटीने गोठा सांभाळला. तिला विचारलं होतंस का कधी, कसं वाटलं ते छान मरण?"

त्याने विचारलं नव्हतं. घरात असलं काही विचारायची पद्धतच नव्हती.

"मी त्या डॉक्टरणीला फोन करू शकते," ती पुढे म्हणाली. "नंबर आहे. पण करणार नाही. छाती तुझी आहे, खोटंही तुझंच आहे. तूच निस्तर."

तिने हातोडी गवतात टाकली आणि ती एकटीच घराकडे उतरू लागली. स्टेनथोर खांबाला धरून उभा राहिला. बायको वळून बघेल असं त्याला वाटलं, पण ती वळली नाही. तिलाही आपला हट्ट होता आणि त्या हट्टाखाली ती किती घाबरलेली आहे हे तिने त्याला कळू दिलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी दरीतल्या सभागृहात सगळे जमले. ही बैठक दरवर्षीची. मोठ्या पातेल्यात मटणाचं सूप, बटाटे, सलगम. थाळ्यात पातळ भाकरीवर धुरवलेल्या मांसाचे काप. कॉफी तर विचारूच नका. ओले कोट भिंतीला लोंबत होते, कुत्री टेबलांखाली एकमेकांची चौकशी करत होती. इंगवेल्दुर पळी घेऊन पातेल्यापाशी उभी होती. नवऱ्याशी ती सकाळपासून मिठापुरतं बोलली होती.

स्टेनथोर उठला. त्याच्या हातात राजाची काठी होती, समुद्रातून वाहत आलेल्या ओंडक्यातून बेर्गुरने तासलेली, मुठीपाशी काळी पडलेली. त्याने ती फळीवर आपटली आणि कुत्रीसुद्धा गप्प झाली.

राजा आता एकेकाला त्याची जागा सांगणार. पण त्याआधी प्रत्येकाला एक प्रश्न: पाय, श्वास, घोडा? तिन्हीचं उत्तर सगळ्यांदेखत, मोठ्याने द्यायचं. हा नियम जुना नव्हता. तो स्टेनथोरनेच घातला होता, आणि तो थोरगिल्समुळे घालावा लागला होता.

थोरगिल्स नदीपलीकडचा शेजारी. पाच वर्षांपूर्वी त्याचा गुडघा सुजला होता आणि पठ्ठ्याने ते कोणाला सांगितलं नाही. वर पठारावर दुखणं सोसेना तेव्हा तो एका दगडाआड बसला. म्हणे, दोन मिनिटं. तेवढ्यात धुकं उतरलं. रांगेत प्रत्येकाने डावीकडचा आणि उजवीकडचा माणूस नजरेत ठेवायचा असतो. थोरगिल्सच्या शेजारची शाळामास्तरीण तो दिसेना म्हणून त्याला शोधायला वळली आणि स्वतःच हरवली. सकाळी सापडली, जिवंत. पण हाका मारून मारून तिचा आवाज पार बसला होता. खाली मेंढवाड्यापाशी स्टेनथोरने थोरगिल्सला साऱ्या दरीसमोर उभा करून झाडला. "दुखणं लपवणारा मेंढी हरवत नाही, शेजारी हरवतो," असं म्हणाला होता. आणि जो लपवतो त्याने मुकाट घरी जायचं, वाद घालायचा नाही, असंही तेव्हाच ठरलं. थोरगिल्सने त्यानंतर गुडघा बदलून घेतला, पण स्टेनथोरच्या घरी कॉफीला येणं बंद केलं.

"पाय, श्वास, घोडा?"

"पाय ठीक, श्वास ठीक, घोडा माझ्याहून शहाणा," पाद्रीबाई म्हणाली.

"त्याला फार शहाणपण लागत नाही," मागून कोणीतरी बोललं आणि हशा पिकला.

स्टेनथोरही हसला. हसताना छातीत काही झालं नाही म्हणून त्याला हायसं वाटलं. प्रश्न पुढे सरकत गेला. एकाने पाठ धरल्याचं कबूल केलं. त्याला सामानाच्या गाडीवर नेमलं. एकाचा घोडा लंगडत होता, दुसरा मिळाला. काम नेहमीसारखं चाललं होतं आणि स्टेनथोरला वाटू लागलं की सगळं नेहमीसारखंच आहे. तीन दिवस. फक्त तीन दिवस काढायचे, मग ती डॉक्टर पोरगी म्हणेल त्या नळ्या घालू दे. खिशातली फवाऱ्याची डबी त्याने बोटांनी चाचपली.

"साल्वर! पाय, श्वास, घोडा?"

थोरगिल्सची मुलगी उभी राहिली. तिची ही पहिलीच खेप. बूट इतके कोरे की चालताना करकरत होते.

"पाय नवे, श्वास नवा, घोडा बाबांचा," ती म्हणाली. लोकांनी टेबलं बडवली.

"तू माझ्या उजवीकडे," स्टेनथोर म्हणाला. "कड्याच्या वरच्या अंगाला. मी दिसलो पाहिजे तुला, कायम. नाही दिसलो तर काय करायचं?"

"तुला शोधायचं."

"शाब्बास."

नवख्या माणसाला राजाशेजारची जागा म्हणजे मान, आणि सगळ्यांत सुरक्षितही. लोकांनी माना डोलावल्या. थोरगिल्सच्या हातातला कप मात्र ओठांपर्यंत न पोचताच परत बशीत गेला.

सगळ्यांच्या जागा सांगून झाल्या. बैठक संपवायला स्टेनथोरने काठी उचलली.

"एक राहिला," थोरगिल्स म्हणाला.

"कोण?"

"तू."

लोक पुन्हा हसले. राजाला कोणी विचारत नसे. तसा नियम नव्हता; पण ज्याने नियम केला त्याला तो लागू होतो हे आजवर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. स्टेनथोरच्या तर नाहीच नाही. तोही हसला, पण हसणं उशिरा आलं.

"उगाच वेळ घालवू नको, थोरगिल्स."

"मी काल नदीपलीकडून तुझं कुंपण बघत होतो. चार खांबांना एकदा उभा राहतोस. धुकं बघत होतास म्हणे."

"कोण म्हणे?"

"इंगवेल्दुरचा आवाज नदीपलीकडे येतो," थोरगिल्स म्हणाला. यावर मात्र कोणी हसलं नाही.

स्टेनथोर दोन पावलं त्याच्या टेबलाशी गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काठी हवी असेल तर सरळ माग ना. पाच वर्षं डोळा आहे तुझा. माणसांत अपमान केला म्हणून आता फेडून घेतोस?"

"काठी घाल चुलीत," थोरगिल्स म्हणाला. त्याने आवाज खाली आणला नाही, पण चढवलाही नाही. "तू मला झाडलंस ते बरोबर झाडलंस. मी वर्षभर तुला शिव्या दिल्या आणि मनात म्हणालो, बरोबर झाडलंय. पण आता माझी मुलगी तुझ्या उजवीकडे आहे, स्टेनथोर. तू धुक्यात बसलास तर ती तुला शोधायला येणार. तू सांगितलंस आत्ता, मीही तेच शिकवलंय. म्हणून जे तू मला विचारतोस तेच मी तुला विचारतो. पाय, श्वास, घोडा?"

स्टेनथोरने इंगवेल्दुरकडे बघितलं. तिने पळी पातेल्यात बुडवून ठेवली होती आणि ती सुपाकडे बघत होती. ती एक शब्द बोलणार नव्हती. तिने सांगितलंच होतं तसं.

अजून एकदा 'ठीक' म्हणायचं. या आठवड्यात त्याला सवय झाली होती. तो म्हणाला असता तर लोकांनी मानलंही असतं, थोरगिल्ससुद्धा गप्प बसला असता. राजाचा शब्द म्हणजे शब्द. तोंड उघडलंही त्याने. पण समोर ती पोरगी उभी होती, कोऱ्या बुटांत. तिला यातलं काही कळलं नव्हतं आणि ती त्याच्याकडे ऐटीत बघत होती, राजाची शेजारीण म्हणून. उद्या ती कड्याच्या वरच्या अंगाला त्याच्या नावाने हाका मारत फिरेल, आवाज बसेपर्यंत. आणि तो एखाद्या दगडाला टेकलेला असेल, बापासारखा. कप सांडणार नाही कदाचित. स्टेनथोरला भीती वाटली. टेबलाची, नळ्यांची, खिडकीत बसण्याची भीती त्याला मे महिन्यापासून वाटतच होती. ही त्याहून मोठी निघाली.

"पाय ठीक," तो म्हणाला. "घोडा ठीक."

मागे कोणीतरी खाकरलं.

"श्वास ठीक नाही. चढावर छाती आवळते. मे महिन्यापासून. आधी मोठा चढ लागायचा. आता लागत नाही. आज सकाळी गोठ्याकडे जाताना आवळली, सपाटीवर."

पळी पातेल्याच्या काठावर आपटली. गोठ्याचं इंगवेल्दुरला ठाऊक नव्हतं.

"डॉक्टरला सांगितलंस?" थोरगिल्सने विचारलं.

"तिने विचारलं. मी नाही म्हणालो."

"गाढवा," थोरगिल्स म्हणाला. पाच वर्षांत तो त्याच्याशी इतक्या मायेने बोलला नव्हता.

स्टेनथोरने काठी टेबलावर आडवी ठेवली, थोरगिल्सच्या कपाशेजारी. हात सुटायला जरा वेळ लागला. "लपवणाऱ्याने घरी जायचं, वाद घालायचा नाही," तो म्हणाला. "नियम माझाच आहे. वरच्या ओढ्यापाशी रांग तुटते, तिथे दोन माणसं ठेव. आणि कड्याखालची म्हातारी मेंढी खाली यायला बघत नाही. तिला मागून नाही, वरून घ्यायची."

"माहीत आहे मला."

"माहीत असू दे. मी सांगितलं."

तो बाहेर आला. इंगवेल्दुर हात पुसत मागोमाग आली. या देशात डॉक्टरचा घरचा नंबरही सगळ्यांबरोबर फोनच्या यादीत सापडतो. पहिल्या नावाने शोधायचं, बस. आर्नदीसने फोन उचलला तेव्हा मागे लहान मूल रडत होतं.

"स्टेनथोर बोलतोय. सायकलवाला," तो म्हणाला. "तू विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं."

पलीकडे मूल रडायचं थांबलं, किंवा दार लागलं. "मला वाटलंच होतं," आर्नदीस म्हणाली. ती रागावली नाही. तिने विचारत विचारत सगळं काढून घेतलं, आणि सपाटीवरचं ऐकल्यावर तिचा आवाज बदलला. "सकाळी उजाडताच इथे ये. दाखल करून घेते आणि विमानाने रेक्याविकला पाठवते. गाडी तू चालवायची नाहीस. गोठ्यात जायचं नाही. नुसतं बसलेला असताना काही वाटलं तर फवारा मार आणि रुग्णवाहिका बोलाव. सकाळचीसुद्धा वाट बघू नकोस. कळलं?"

"कळलं."

"खरं बोलतोयस?"

"आता खोटं बोलायला ताकद नाही," स्टेनथोर म्हणाला.

सकाळी इंगवेल्दुर गाडी चालवत होती. मागच्या सीटवर बॅग होती, त्यात स्वेटर आणि तिचं विणकाम. नदीच्या वळणाशी रस्ता डोंगराच्या पायथ्याला लागतो. तिथे त्यांना ते सगळे दिसले: घोडे वर चढत होते, कुत्री पुढेमागे पळत होती. सर्वांत पुढे थोरगिल्स होता. त्याने काठी अशी धरली होती की जणू वाटेत कोणी मागितली तर लगेच परत करता यावी. त्याच्या उजवीकडे साल्वर. पहिल्या चढाला घोड्यांच्या तोंडातून वाफ निघाली. स्टेनथोर मान वळवून वळवून बघत राहिला.

गाडीचा वेग कमी झाला आणि इंगवेल्दुरने ती रस्त्याकडेला उभी केली.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "डोंगर बघतेय."

ती डोंगराकडे बघत नव्हती. तिने दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं आणि ओठ मिटून ती काचेकडे बघत होती. स्टेनथोरला ते बघणं चांगलं ओळखीचं होतं. उन्हाळाभर त्याने तेच केलं होतं. असल्या वेळी काय बोलतात हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याला विचारता येत होतं ते एवढंच.

"पाय?" त्याने विचारलं.

तिने ब्रेकवरच्या आपल्या पायाकडे बघितलं.

"श्वास?"

"घाबरलेय मी, स्टेनथोर," ती म्हणाली. "मे महिन्यापासून घाबरलेय. रात्री तू झोपलास की तुझ्या छातीवर हात ठेवून बघते."

त्याला वाटायचं, ती झोपेत हात टाकते.

"मीही घाबरलोय," तो म्हणाला. आयुष्यात हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं, आणि ते उच्चारल्याने काही पडलं नाही की फुटलं नाही. त्याने तिचा उजवा हात चाकावरून सोडवून घेतला आणि आपल्या छातीवर, भादरलेल्या केसांचे खुंट सदऱ्यातून टोचत होते तिथे, दाबून धरला.

थोड्या वेळाने तिने हात काढून घेतला, बाहीने नाक पुसलं आणि गाडी सुरू केली. घोडे तोवर कड्याआड गेले होते. स्टेनथोरने मागे वळून बघितलं नाही. समोर अकुरेरीचा रस्ता होता, आणि तो चढाचा होता.